जुन्या मोटारी व नवा पट्टा

कोणत्याही काळाची पारख त्या काळच्या ग्रंथांवरून जशी होते, तशीच ती त्या काळच्या वस्तूंवरूनही होते. आणि कित्येकदां वस्तूंत जें आहे त्यापेक्षां जें नाहीं त्यावरूनच ती अधिक चांगली होते. नागपूर हें १९५६ पर्यंत राजधानीचें शहर होतें. साहेबलोक, वकील, मालगुजार व गिरण्यांचे मालक यांच्यायोगें मोटारीचा शौक येथें रुजला, व जुन्या गाड्या जपणारीं हौशी घराणीं अद्यापि येथें आहेत. १९६० च्या सुमाराच्या अशा एखाद्या गाडीचें दार उघडून आंत पाहावें. बैठकीच्या खोलींतल्यासारखें लांबरुंद आसन आहे, सिगारेटची राख झाडण्याची सोय आहे, चकचकीत मुठी आहेत. परंतु आसनावरील माणसास जागच्या जागीं धरून ठेवील असें कांहींच नाहीं. तो पट्टा तेथें कां नाहीं, आणि आतां तो बसवावा कीं बसवूं नये, या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथें करणार आहों.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. १९४३ च्या डिसेंबरांत निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य इंजिनियर नागपुरांत जमले, व हिंदुस्थानांतील रस्त्यांची वीस वर्षांची योजना त्यांनीं आंखली. तीच पुढें 'नागपूर योजना' या नांवानें प्रसिद्धीस आली. राष्ट्रीय हमरस्ते, प्रांतिक हमरस्ते, जिल्ह्याचे रस्ते व खेड्यांचे रस्ते अशी वर्गवारी तींत होती. आणि शेतीनें भरभराटलेल्या मुलुखांत कोणतेंही खेडें मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांहून दूर नसावें, हें तिचें एक ध्येय होतें. योजना मोठीच होती. परंतु तिची दृष्टि रस्त्यावर होती. त्या रस्त्यानें जाणाऱ्याचा देह आघातांतून कसा वांचवावा, हा प्रश्न त्या काळीं रस्ते बांधणारांपुढें नव्हता. मोटारी घडविणारांपुढेंही तो क्वचितच होता. अपघात म्हणजे हांकणाराची चूक, आणि चूक टळली कीं अपघात टळला, ही समजूत सर्वत्र इतकी दृढ होती कीं, चूक झाल्यावर पुढें काय, हें विचारण्याची कोणास गरजच भासत नसे.

वास्तविक पट्ट्याची कल्पना मोटारीहूनही जुनी आहे. कार्ल बेंझ यानें आपल्या मोटारीचें पेटंट १८८६ सालीं घेतलें. आणि माणसास स्थिर वस्तूशीं अडकवून ठेवणाऱ्या पट्ट्याचें पेटंट न्यूयॉर्कच्या एडवर्ड क्लॅगहॉर्न यास त्याच्या आदल्याच वर्षीं मिळालें होतें. पुढें वैमानिकांनीं पट्टा स्वीकारला, कारण उलट्या झालेल्या विमानांतून खालीं पडण्याची भीति त्यांस डोळ्यांपुढें दिसत होती. मोटारींतल्या माणसास ती दिसत नव्हती. १९४९ सालीं अमेरिकेंतील नॅश कंपनीनें कांहीं गाड्यांत पट्टे दिले, तेव्हां गिऱ्हाइकांनीं त्यांचें फारसें स्वागत केलें नाहीं. १९५४ च्या डिसेंबरांत जॉन स्टॅप या वैद्यानें स्वतःस पट्ट्यांनीं जखडून घेतलें, अग्निबाणाच्या घसरगाडीवर ताशीं ६३२ मैलांचा वेग गांठला, आणि दीड सेकंदाच्या आंत थांबूनही तो जिवंत राहिला. योग्य प्रकारें बांधलेला देह केवढा आघात सोसूं शकतो, हें त्यानें दाखवून दिलें. १९५९ सालीं व्होल्व्हो कंपनीच्या निल्स बोलिन यानें खांदा व कंबर दोन्ही धरणारा तीन टोंकांचा पट्टा सिद्ध केला. विमानांतून वैमानिकास बाहेर फेंकणारीं आसनें बनविण्याचें काम हा गृहस्थ पूर्वी करीत असे. कंपनीनें हा शोध इतर कारखानदारांसही खुला करून दिला, ही गोष्ट व्यापाराच्या इतिहासांत विरळाच म्हटली पाहिजे.

आपल्याकडे हा वारा उशिरां पोहोंचला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट बाहेर पडली, व उत्तरपाड्याहून अँबॅसडर आली. या दोन गाड्यांनीं आपल्या मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या वाहिल्या. पुढच्या आसनांना पट्टे असलेच पाहिजेत, असें बंधन कारखानदारांवर आलें तें १९९४ सालीं. आणि पट्टा बांधण्याचा नियम ज्या गाड्यांत या तरतुदीनुसार तो दिलेला आहे त्यांच्यापुरताच असल्यानें, त्यापूर्वीच्या गाड्या त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. २०१९ च्या दुरुस्तीनें पट्टा न बांधणारास एक हजार रुपये दंड ठरला, तोही या गाड्यांस शिवला नाहीं. इतकेंच नव्हे, तर २०२१ सालीं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची निराळी नोंदणी सुरू झाली, तेव्हां गाडी मूळ स्वरूपांत असावी, सांगाडा, अंगाचा पत्रा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आली. त्या वेळीं रस्तेवाहतुकीचें खातें नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांच्याकडे होतें.

हौशी मालकाचा आक्षेप याच अटीच्या आधारें उभा राहतो. पट्टा बसविला तर गाडीचें मूळ रूप बिघडेल, असें तो म्हणतो. आमच्या मतें या आक्षेपांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच. ब्रिटनमध्यें १९६८ सालीं पुढच्या आसनांचे पट्टे नव्या गाड्यांबरोबरच १९६५ पासूनच्या जुन्या गाड्यांतही बसविणें सक्तीचें झालें, आणि त्यामुळें त्या गाड्यांची जात कांहीं बदलली नाहीं. शिवाय झिजलेले टायर बदलतांना मूळ रूपाचा प्रश्न कोणी काढीत नाहीं. मात्र भोंक पाडण्यापूर्वी परिवहन कार्यालयाचें मत घ्यावें, हें शहाणपणाचें.

पण पट्टा बसविणें म्हणजे पत्र्यास स्क्रू मारणें नव्हे. ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें गाडी भिंतीवर आदळणें हें सुमारें दहा मीटर उंचीवरून पडण्यासारखेंच आहे. सत्तर किलो वजनाचा मनुष्य त्या वेगांतून अर्ध्या मीटरच्या अंतरांत थांबला, तर पट्ट्यावर पडणारा ओढा जवळजवळ चौदाशें किलोंच्या भाराइतका होतो. उभ्या अँबॅसडरचें वजनही इतकें भरत नाहीं. गंजलेला पातळ पत्रा हा ओढा कसा सोसणार? म्हणून प्रथम गंज काढून तळ सुदृढ करावा, पत्र्याखालीं रुंद पोलादी पट्टी द्यावी, आणि सात-सोळांश इंचाचा खास बोल्ट वापरावा. वरचें टोंक दारांमधील खांबास, तेंही खांब आंतून बळकट करून, जोडावें लागतें. उघड्या गाडीस असा खांबच नसतो. तेथें कमरेचाच पट्टा शक्य असतो, आणि तो डोकें पुढें आदळण्यापासून वांचवीत नाहीं. लांब बाकावर तिघे बसत असले तर तिसऱ्याचें काय, हाही विचार करावा. बसलेलें आसनच तळाशीं ढिलें असेल, तर पट्टा असून नसल्यासारखा. कच्चा पट्टा खोटा धीर देतो. त्यापेक्षां गाडी हळू हांकणें बरें.

तथापि सर्व कांहीं बोल्टावरच अवलंबून नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मृत्यु पावले. गाडी आधुनिक होती, मागच्या आसनांसही पट्टे होते. ते दोघांनीं बांधले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. पुढचे दोघे जखमी होऊन वांचले. म्हणजे एका गाडींत पट्टाच नाहीं, दुसरींत तो आहे पण सवय नाहीं. आणि मृत्यूच्या हिशेबीं दोहोंत फारसा भेद नाहीं. नागपुराहून निघणाऱ्या समृद्धि महामार्गावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरची मुभा आहे. ज्या हौशी गृहस्थानें वडिलांची फियाट जपली आहे, त्यानें ती अशा रस्त्यावर नेऊं नये. गांवांतल्या रस्त्यांवर ती पट्टा बसवून, नातवंडांस मागें नीट बसवून, सावकाश हांकावी. गाडी जपण्याची त्याची हौस आम्हांस मान्यच आहे; आंतल्या माणसांचा विसर तेवढा पडूं नये.