ध्वनिक्षेपकाचे मोजमाप आणि श्रोत्याची साक्ष : एका वादाचा इतिहास

प्रस्तावना :

ध्वनिक्षेपक, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण स्पीकर म्हणतो ते यंत्र, चांगले की वाईट हे कोणी ठरवावे? प्रयोगशाळेतील आलेखाने की ऐकणाऱ्याच्या कानाने? घरी बसून उत्तम प्रतीचे ध्वनिमुद्रित संगीत ऐकण्याचा छंद जोपासणाऱ्या पाश्चात्त्य शौकिनांमध्ये हा वाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सतत झडत राहिला. वरवर पाहता तो शास्त्र विरुद्ध रसिकता असा दिसतो. प्रस्तुत लेखकाला मात्र हे चित्र फसवे वाटते. एका पक्षाची मोजमापे अपुरी होती आणि दुसऱ्या पक्षाचे ऐकणे बेशिस्त होते, असे उपलब्ध इतिहासावरून दिसते.

आलेखाची मर्यादा :

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या गुंडाळीच्या ध्वनिक्षेपकाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. खोक्याचे आकारमान आणि शंकूचे गुणधर्म यांवरून खर्जाचा प्रतिसाद आधीच गणिताने काढण्याची पद्धत नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात मांडली. हा निबंध १९७१ साली अमेरिकेतील ध्वनि-अभियांत्रिकीच्या नियतकालिकात पुनर्मुद्रित झाला, रिचर्ड स्मॉल यांनी लगेचच त्याचा विस्तार केला आणि घरी खोकी बनवणाऱ्या हौशी मंडळींच्या हाती एक भरवशाचे साधन आले.

खर्ज असा गणिताच्या कक्षेत आला, पण त्याच्या वरच्या स्वरांचे काय? प्रतिध्वनिरहित कक्षात स्पीकरच्या अगदी समोर ध्वनिग्राहक ठेवून काढलेला कंप्रता-प्रतिसादाचा आलेख हा प्रमाण मानला जाई. परंतु राहत्या घरात श्रोत्याच्या कानी केवळ समोरून येणारा ध्वनी पडत नाही. भिंती, छत आणि जमीन यांवरून परावर्तित झालेला ध्वनीही त्यात मिसळतो, आणि समोरच्या एका रेषेत त्याची नोंदच नसते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत शिकणारे अमर बोस यांनी १९५६ साली कागदोपत्री उत्तम असलेला स्पीकरसंच विकत घेतला आणि तो ऐकून त्यांची निराशा झाली. बंगालमधून परागंदा झालेल्या स्वातंत्र्यसैनिकाचा हा पुत्र पुढे त्याच संस्थेत प्राध्यापक झाला. त्यांच्या कंपनीने १९६८ साली बाजारात आणलेल्या ९०१ या स्पीकरमध्ये नऊ शंकू होते. त्यांपैकी आठांची तोंडे मागच्या भिंतीकडे होती.

न्यायालयातील कान :

मे १९७० च्या 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' या ग्राहक-मासिकात या स्पीकरचे परीक्षण आले. त्यातून ऐकताना वाद्ये अवाढव्य भासतात आणि खोलीभर भटकतात, असा त्याचा आशय होता. बोस कंपनीने मासिकाच्या प्रकाशक संस्थेविरुद्ध दावा लावला आणि मालाची बदनामी झाल्याचे सांगितले. साक्षीच्या वेळी परीक्षण करणाऱ्या अभियंत्याने 'खोलीभर' म्हणजे आपल्याला 'भिंतीच्या कडेने' असे अभिप्रेत होते, असे सांगितले. जिल्हा न्यायालयाला हा खुलासा पटला नाही. सुशिक्षित माणसाने वापरलेल्या साध्या शब्दाचा असा अर्थ होऊच शकत नाही, म्हणजे विधान खोटे आहे हे त्याला ठाऊक होते, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही सहा विरुद्ध तीन मतांनी मासिकाची बाजू उचलून धरली. मुळातच संदिग्ध असलेल्या अनुभवाचे वर्णन करताना चुकीचा शब्द निवडणे म्हणजे जाणूनबुजून खोटे लिहिणे नव्हे, हा बहुमताचा आधार होता.

हा खटला कायद्याच्या अभ्यासक्रमात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या प्रकरणात शिकवला जातो. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. ऐकलेल्या गोष्टीचे वर्णन करायला नेमकी भाषा नाही, ही अडचण येथे न्यायालयाच्या नोंदीत उतरली. आणि गंमत अशी की परावर्तित ध्वनीला महत्त्व देणारे बोस आणि त्या ध्वनीने वाद्याची जागा पुसट होते असे सांगणारे परीक्षक, दोघेही खोलीच्याच परिणामाविषयी बोलत होते.

याच सुमारास शौकिनांची नियतकालिकेही दुभंगली होती. 'स्टिरिओ रिव्ह्यू'मध्ये ज्यूलियन हर्श मोजमापांवर भर देत. १९६२ साली जे. गॉर्डन होल्ट यांनी काढलेल्या 'स्टिरिओफाइल'ने आणि १९७३ साली हॅरी पिअर्सन यांनी काढलेल्या 'दि ॲब्सोल्यूट साउंड'ने कानाला प्रमाण मानले. मात्र तो कान किती विश्वासार्ह, याची परीक्षा या घरात झाली नाही.

ती परीक्षा कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी घेतली. पडद्याआड स्पीकर ठेवून, आवाजाची पातळी समान राखून त्यांनी श्रोत्यांची मते नोंदवली. १९८५-८६ मधील त्यांच्या निबंधांतून असे दिसले की श्रवणशक्ती शाबूत असलेल्या माणसांच्या पसंतीत बरीच एकवाक्यता असते. पसंत पडलेल्या स्पीकरांचा प्रतिसाद समोर सपाट असे आणि बाजूंनाही तो अचानक बिघडत नसे. म्हणजे कान बेभरवशाचा नव्हता आणि मोजमापही निरुपयोगी नव्हते, फक्त ते सर्व दिशांनी घ्यायला हवे होते. १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन कंपनीच्या चाळीस कर्मचाऱ्यांना तेच चार स्पीकर आधी न दाखवता आणि मग दाखवून ऐकवले. डोळ्यांसमोर स्पीकर येताच गुणांकन बदलले. हे श्रोते ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीतलेच होते, हे विसरता कामा नये.

२००४ साली ऑलिव्ह यांनी सत्तर स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांची पसंती वर्तवणारे सूत्र मांडले. भाकीत आणि प्रत्यक्ष पसंती यांतील सहसंबंध ०.८६ आला. अशा मोजमापांचे प्रमाणीकरण २०१३ साली अमेरिकेत झाले. त्यानुसार स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर दहा अंशांनी, एकूण सत्तर ठिकाणी ध्वनी मोजतात. सहसंबंधाचा वर्ग केला तर पसंतीतील सुमारे पाव भागाचा उलगडा या सूत्राने होत नाही. शौकिनांचे उरलेले वाद बहुतांशी त्याच पाव भागात चालतात.