घोडा, घोंगडी आणि मुक्काम : एकट्या स्वाराच्या प्रवासाचा हिशेब

१/ बैलगाडा शर्यतींच्या हंगामात भल्या सकाळी वाकडच्या महामार्गावर उभे राहिलात, तर हिंजवडीकडे निघालेल्या बसगाड्यांच्या गर्दीत एखादा पिकअप दिसतो. हौद्यात झूल पांघरलेली घोडी, तिच्या शेजारी कडब्याच्या पेंढ्या, पाण्याचा ड्रम आणि दोरी धरून उभा असलेला मालक. चाकण-खेडच्या घाटात गाड्यापुढे पळण्यासाठी ती निघालेली असते. आज घोडीला गाडी वाहून नेते. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी याच पट्ट्यातून घोडा घेऊन निघालेल्या स्वाराचा मुक्काम कसा असे? #इतिहास #धागा

२/ प्रथम स्वार कोण, हे पाहू. मराठी फौजेत स्वारांचे दोन मुख्य प्रकार होते. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. बारगिराचा घोडा मेला तर नुकसान सरकारचे. शिलेदाराचा मेला तर त्याचे भांडवलच बुडाले. म्हणून मुक्कामाची खरी चिंता शिलेदाराला असे.

३/ त्याचे सामान किती? खोगीर, लगाम, भाला-तलवार, अंगावर घेण्यास आणि अंथरण्यास एकच घोंगडी, चंदी चारण्याचा तोबरा, खरारा, दोर आणि मेखा. तंबू नाही, गाडी नाही. अनावश्यक भरण्याला आपण आजही ‘खोगीरभरती’ म्हणतो. हा शब्द घोड्याच्या पाठीवरून भाषेत उतरला आहे.

४/ मुक्कामाचा क्रम ठरलेला असे. आधी घोडा, मग माणूस. खोगीर उतरवून पाठ पाहायची, कारण पाठीला जखम झाली की पुढचा प्रवास पायी. मग पाणी, मग वैरण, मग चंदी. पुढे डोक्याकडून बांधलेली ती अगाडी, मागच्या पायांची ती पिछाडी. दोन्ही दोर मेखांना. रात्री दोर सुटला, तर सकाळी स्वाराचा पादचारी झालेला.

५/ आता हिशेब करू. ३०० किलो वजनाच्या लहान चणीच्या तट्टालाही दिवसाला सुमारे ६ किलो कोरडा चारा लागतो, पाणी २० लिटरच्या वर. दहा दिवसांचा चारा म्हणजे ६० किलो. तो पाठीवर घातला, तर स्वार कुठे बसणार? म्हणजेच एकटा स्वार आपल्या घोड्याचा चारा सोबत नेऊच शकत नाही.

६/ मग तो चारा येई कुठून? वाटेवरच्या गावातून. मराठी घोडदळाच्या चपळाईचे आपण कौतुक करतो, ते रास्तच आहे. पण जे ओझे स्वाराच्या पाठीवर नव्हते, ते कुणब्याच्या गंजीवर होते. वेग फुकट मिळत नाही.

७/ ही गोष्ट शिवाजी महाराजांनी नेमकी ओळखली होती. सभासदाच्या बखरीनुसार पागेत दर २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल या दोन गोष्टी नशिबावर सोडलेल्या नव्हत्या. पावसाळ्यात फौज छावणीस, दसऱ्यानंतर आठ महिने मुलुखगिरीस. बायका-बटकी फौजेत नेण्यास मनाई.

८/ राज्याभिषेकाच्या अवघ्या काही दिवस आधी, मे १६७४ मध्ये, चिपळूणजवळ छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी एक पत्र पाठवले. घोड्यांसह मुक्काम कसा करावा, याविषयी इतका बारकाईचा मजकूर क्वचितच सापडेल.

९/ पत्राचा आशय असा : पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत आताच मनमानी उधळाल, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही रयतेला त्रास द्याल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. त्यामुळे कुणबी गाव सोडून जातील, आणि त्यांना तुम्ही मोगलांहूनही वाईट वाटाल.

१०/ पुढे आगीविषयी ताकीद आहे. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नये, तंबाखू ओढू नये, रात्री दिवा जळता ठेवू नये. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि वैरण जळेल. गवत संपले की घोडा संपला, घोडा संपला की लष्कर संपले. राज्याभिषेकाच्या तयारीत असलेला राजा उंदराचा आणि वातीचा विचार करतो, यातच त्या लष्कराचे बळ दिसते.

११/ ही शिस्त सुटल्यावर काय झाले? पानिपतच्या मोहिमेत लढवय्यांसोबत कुटुंबे, यात्रेकरू आणि बाजारबुणगे होते. कोंडी झाली, दाणावैरणीची वाट तुटली. १४ जानेवारी १७६१ रोजी जे सैन्य लढायला बाहेर पडले, त्यातील माणसे आणि घोडी दोन्ही उपाशी होती.

१२/ अठरा वर्षांनी फासे उलटे पडले, आणि तेही वाकडपासून फार दूर नाही. रघुनाथरावाला गादीवर बसवण्यासाठी मुंबईहून इंग्रज फौज निघाली. लढणारे सुमारे ३,९००, पण सामानाचे बैल १९,००० च्या वर! घाट चढल्यावर ही रांग मुंगीच्या पावलांनी सरकली. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांचे स्वार भोवती घिरट्या घालत राहिले.

१३/ ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावी पोहोचले, तेव्हा गाव जाळून टाकलेले होते. ना दाणा, ना वैरण. चिंचवड आणि पुणेही असेच जाळायची तयारी असल्याची वार्ता त्यांच्या कानी आली. चिंचवड वाकडपासून दोनेक कोसांवर. दोन दिवसांत माघारीचा निर्णय झाला, जड तोफा तळ्यात लोटल्या गेल्या, आणि वडगावला वेढा पडून तह करावा लागला.

१४/ वडगावला आज विजयाचे स्मारक आहे, आणि ते असायलाच हवे. पण तळेगावच्या ज्या शेतकऱ्याची वर्षाची गंजी त्या रात्री धुरात गेली, त्याचे नाव कुठेही कोरलेले नाही. त्याने ऐन हिवाळ्यात जनावरांना काय घातले असेल? १६७४ चे पत्र ज्या कुणब्याची काळजी करत होते, तोच १७७९ च्या विजयाची किंमत मोजत होता.

१५/ म्हणून पुढच्या वेळी महामार्गावर घोडी घेऊन चाललेला पिकअप दिसला, की आतल्या कडब्याच्या पेंढ्यांकडेही पाहा. तो मालक आपल्या घोडीची वैरण स्वतः सोबत नेतो आहे. जुन्या स्वाराला हे कधीच जमले नव्हते.

आपल्या घरात पागा, शिलेदारी किंवा नालबंदीच्या आठवणी, जुने खोगीर, एखादी मेख जपलेली असेल, तर खाली अवश्य लिहा. (समाप्त)