पाच वर्षांचा करार आणि दिवसाचा हिशेब : मॉरिशसमधील करारबद्ध भारतीय मजुरांचे दैनंदिन जीवन

मॉरिशस बेटावर १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. उसाच्या मळ्यांना लागणाऱ्या नव्या मनुष्यबळाची तरतूद मात्र तत्पूर्वीच सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून आलेल्या ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढील पाऊण शतकात सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर नेण्यात आले. त्यांतील बहुसंख्य कलकत्ता व मद्रास बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेल्यांचे प्रमाण दहांत एकाहूनही कमी होते आणि त्यांत कोकणातील मराठी भाषकांचा भरणा होता.

आरंभीच्या करारानुसार हे वास्तव्य पाच वर्षांचे होते. दरमहा पाच रुपये वेतन, शिधा, वस्त्र व निवारा असे त्याचे स्वरूप होते. मुदतीसाठी परमुलखात जाणे व कमाई घेऊन परतणे ही कल्पना कोकणी माणसाला मुळीच अपरिचित नव्हती. मुंबईच्या चाकरीचा शिरस्ता तोच होता. परंतु मुंबईचा चाकरमानी मनात आले की गावी परतू शके. मॉरिशसमध्ये मुदत मोजण्याचा अधिकार मळेवाल्याच्या कचेरीकडे होता. म्हणूनच तेथील ‘तात्पुरत्या’ वास्तव्याचा अर्थ समजून घ्यावयाचा, तर मजुराचा एकेक दिवस कसा मोजला जाई हे पाहणे अगत्याचे ठरते.

बंदरातील निवासकेंद्राची उभारणी १८४९ मध्ये सुरू झाली. तेच आजचे आप्रवासी घाट. २००६ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येथील सोळा दगडी पायऱ्या चढून आलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. सुमारे दोन दिवसांच्या मुक्कामानंतर मळ्यांनिहाय वाटणी होई.

मळ्यावरील दिवस सूर्योदयापूर्वी घंटेने सुरू होई. सरदार, म्हणजे भारतीय मुकादम, टोळ्यांची हजेरी घेई. बेट ज्वालामुखीजन्य असल्याने जमीन दगडांनी भरलेली होती. दगड वेचून त्यांचे ढीग रचणे, उसासाठी खड्डे खणणे, खत घालणे, निंदणी करणे आणि वाळलेला पाला काढणे ही कामे वर्षभर चालत. जूनच्या सुमारास तोड सुरू झाली की ती वर्षअखेरीपर्यंत चाले. त्या काळात कारखान्यातील पाळी रात्रीपर्यंत लांबे. रविवार सुटीचा म्हणावा, तर त्याही दिवशी सकाळी गोठे व आवार साफ करण्याची बिनमोल वेठ असे.

सर्वांत जाचक होती ती ‘दुहेरी कपात’. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचे वेतन कापले जाई. महिन्यातील २६ कामाच्या दिवसांपैकी पाच दिवस चुकले, तर मजुराच्या पदरी २१ ऐवजी १६ दिवसांचेच वेतन पडे. याशिवाय वेतन महिनोन्‌महिने थकविले जाई. मधल्या काळात दुकानदाराची उधारी व सरदाराचे कर्ज यांवर भागवावे लागे. या व्यवस्थेत चाबकापेक्षा हजेरीपट अधिक परिणामकारक होता असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोफत परतीचा हक्कही काढून घेण्यात आला. अर्थातच ज्याची बचत होत नसे, त्याला परतीचा मार्ग उरत नसे.

मळ्यालगतच्या वस्तीला ‘कँप’ म्हणत. तेथील झोपड्या पाचटाने शाकारलेल्या असत आणि काही ठिकाणी पूर्वीच्या गुलामांच्याच निवाऱ्यांत मजुरांना ठेवण्यात आले. शिध्यात तांदूळ, डाळ व मीठ मिळे. त्याला परसातील भाजी आणि सुक्या मासळीची जोड असे. भातावर वाढलेल्या कोकणी माणसाला अन्न परके वाटले नसावे. भाषा मात्र परकी होती. मळ्यावर क्रिओल आणि कँपात बहुतांशी भोजपुरी बोलली जात असल्याने मराठी घराच्या उंबरठ्याआड राहिली. संध्याकाळी ‘बैठका’ नावाच्या जागी लोक जमत. तेथे भजन होई, मुलांना अक्षरओळख होई आणि तंटेही मिटविले जात. रत्नागिरीकडील जाखडी नृत्य तेथे ‘झाकरी’ या नावाने टिकून राहिले, हे या लहान समूहाच्या चिवटपणाचे द्योतक होय.

करार पुरा केलेल्या ‘जुन्या’ मजुरालाही मोकळीक नव्हती. १८६७ च्या कायद्याने त्याला छायाचित्र असलेले ओळखपत्र व पोलिसी परवाना सतत जवळ बाळगणे सक्तीचे झाले. जिल्ह्याबाहेर विनापरवाना आढळल्यास भटक्या म्हणून अटक होई. १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने जुन्या मजुरांच्या वतीने अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जणांची संमती होती. त्यांतून १८७२ मध्ये शाही आयोग नेमला गेला. १८७५ च्या त्याच्या अहवालाने परवाना पद्धती व वेतनकपातीतील अन्याय अधिकृतपणे नोंदविले. १८७८ मध्ये नवा मजूर कायदा झाला, पण दुहेरी कपात विसाव्या शतकापर्यंत तग धरून होती.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या स्थलांतरितांच्या नोंदवह्या व छायाचित्रे जतन केलेली आहेत. क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव, जहाज व मळा असे रकाने त्यांत ओळीने येतात. काहींच्या नोंदीत पुढे परतीच्या जहाजाची तारीख आहे, तर काहींच्या नोंदीत मृत्यूची.