ठेवायला जागा : बोटीतली चूल, उसाच्या फडातली कोपी आणि घरातला ओटा

आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांचा फोन आला, "सर, बोटीतलं स्वयंपाकघर? बारामतीत?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडे समुद्र नाही, कालवे आहेत. पण पलीकडे इंदापूर तालुक्यात उजनीचं पाणी आहे आणि त्या पाण्यावर होड्या आहेत. भिगवणच्या बाजारात चिलापी येते ती त्याच होड्यांमधून. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला तुम्ही कुंभारगावला जाता, तेव्हाही अशाच होडीत बसता. त्या होडीत चूल नसते. माणूस, जाळं आणि फडक्यात बांधलेली भाकरी मावली तरी पुष्कळ झालं.

आमचा आजचा प्रश्न तसा साधा आहे. जिथे चूल पेटते पण चुलीशेजारी काहीच ठेवायला जागा नसते, तिथे माणसं जागा कुठून आणतात? कणीक मळायची कुठे, चिरलेला कांदा ठेवायचा कुठे, उतरवलेलं गरम पातेलं टेकवायचं कुठे? राजवाड्यांच्या इतिहासात मुदपाकखान्याला निदान एक ओळ मिळते. या प्रश्नाला तीही मिळत नाही.

सुरुवात समुद्रापासून करू, कारण तिथे ही अडचण सगळ्यात उघडी दिसते. अरबी समुद्रातल्या शिडाच्या जहाजांवर चूल म्हणजे एक लाकडी पेटी असायची. तिच्यात माती किंवा वाळू भरायची, म्हणजे लाकडाच्या जहाजावर विस्तव धरता येतो. स्वयंपाकी तिच्यापुढे बसूनच काम करायचा. हे बसणं महत्त्वाचं आहे. हलत्या जागी उभा माणूस पडतो, बसलेला पडत नाही. पुढे इंग्रजांच्या आगबोटींवर आपले कोकणातले खलाशी मोठ्या संख्येने गेले. त्या खलाशांच्या बोलीत स्वयंपाक्याला शब्द होता 'भंडारी'. भांडार सांभाळणारा तो भंडारी. कोकणातल्या भंडारी समाजाशी इथे गल्लत करू नका, हा हुद्दा आहे. सारंग, टंडेल, कसाब यांच्या उतरंडीत त्याचं नाव बरंच खाली येतं, आणि जेवायच्या वेळी सगळ्यांच्या आधी येतं.

बोटीवरच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. आजच्या छोट्या शिडाच्या बोटीत ही गॅली आपल्याकडच्या कपाटाएवढी असते असं म्हटलं तरी चालेल. उदाहरण आपल्याच लोकांचं आहे. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. बोट गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली, लांबी छपन्न फूट. पुढे तिथेच 'तारिणी' बांधली गेली आणि २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून २५४ दिवसांची प्रदक्षिणा करून आल्या. सहा माणसांचा रोजचा स्वयंपाक, तो तिरक्या आणि डोलत्या जागी. यात किती कौशल्य लागतं याची कल्पना घरच्या पक्क्या ओट्यासमोर उभं राहून येणार नाही.

अशा बोटींवर जागा वाढवण्याच्या ज्या युक्त्या आहेत त्या ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, हे तर आमच्या आजीला माहीत होतं. सिंक वापरात नसेल तेव्हा त्याच्यावर नेमकी बसणारी फळी टाकायची, की झाला ओटा. शेगडी विझली की तिच्यावर झाकण, तिथे आणखी वीतभर. ओट्याच्या टोकाला बिजागरीवर खाली लोंबणारी फळी, लागेल तेव्हा उचलून टेकू द्यायचा. तिच्यामुळे जायची वाट अडते, पण स्वयंपाक चालू असताना जाणार कोण? ओढलेल्या खणावर पाट आडवा टाकायचा. आणि प्रत्येक फळीला कडेने बोटभर उंच पट्टी, नाहीतर बोट कलली की डाळ खाली. भांडं सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. थोडक्यात, जी वस्तू या घटकेला कामात नाही तिची जागा दुसऱ्याला उसनी द्यायची.

एक गोष्ट तर हुबेहूब आपली आहे. बोटीतली शेगडी दोन बाजूंच्या खुंट्यांवर टांगलेली असते. बोट डावीकडे कलो की उजवीकडे, शेगडी आपल्या वजनाने सरळ राहते. आपल्या घरातलं शिंकं आठवा. दुधाचं मडकं मांजरापासून राखायला टांगलेलं. तत्त्व एकच.

आता समुद्र सोडून रुळावर येऊ. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट शहराने कामगारांसाठी घरं बांधायला घेतली. घरं लहान, स्वयंपाकघर त्याहून लहान. ते आखायचं काम मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या तिशीही न गाठलेल्या वास्तुरचनाकार बाईंकडे आलं. त्यांनी नमुना कुठला घेतला? आगगाडीच्या भोजनडब्याचा. त्या चिंचोळ्या डब्यात दोन-तीन माणसं शेकडो लोकांचं जेवण काढतात, मग एका बाईला एका घराचं का काढता येऊ नये? हातात घड्याळ घेऊन पावलं मोजली गेली. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशी खोली ठरली. ओढून काढायच्या फळ्या, भिंतीला मिटणारा इस्त्रीचा पाट. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली, आणि आजच्या फ्लॅटमधलं 'मॉड्युलर किचन' त्यांचंच नातवंड आहे. गंमत म्हणजे, तोवर आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असं बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. (हशा)

म्हणजे बघा. एका जागी स्थिर असलेल्या घरातला ओटा हा चालत्या गाडीतून आला. पुण्या-मुंबईच्या लोकांना ते डोळ्यांनी दिसतही होतं. डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली, तिचा भोजनडबा आजही आहे. पण आपल्या घरात ओटा यायला बराच काळ गेला, आणि त्याचं कारण अज्ञान नव्हतं.

'ओटा' हा शब्द मुळात घराबाहेरचा. दारापुढचा उंचवटा, तिथे पुरुष माणसं बसणार, पान खाणार, वाटसरू टेकणार. आतल्या बाईला ओटा नव्हता, तिला जमीन होती. आणि जमीन हा तोटा होता असं आम्ही चटकन म्हणणार नाही. विळी जमिनीवरच चालते, पाय तिच्यावर रोवावा लागतो. सारवलेली जमीन म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेला ओटाच. पोळपाटाला तीन पाय असतात ते का? तो जमिनीवर मांडायचा छोटा ओटा आहे. भाकरीला तर पोळपाटही लागत नाही, काठवट किंवा परात पुरते. पीठ त्यातच मळायचं, भाकरी त्यातच थापायची, झाल्यावर परात भिंतीला उभी. काम संपलं की ओटा नाहीसा!

हा बैठा स्वयंपाक उठून उभा राहिला तो रॉकेलच्या स्टोव्हने, नळाने आणि मुख्यतः गॅसने. १९५० च्या दशकात मुंबईत बर्शेनचा गॅस आला, १९६५ पासून इंडेन. सिलिंडर खाली आणि शेगडी वर ठेवायची, तर शेगडीला उंच जागा हवी. मग कडप्प्याचा ओटा आला, दोन फूट रुंद. बाहेरचा शब्द आत गेला, विळीच्या जागी सुरी आली. कंबरेची वाकण गेली आणि तासन् तास उभं राहणं आलं. ओट्याची उंची मात्र बहुतेक घरांत गवंड्याने ठरवली. ज्या बाईला तिथे चाळीस वर्षं उभं राहायचं तिला विचारल्याचं आम्हाला तरी फारसं आढळलं नाही.

आता आपल्या तालुक्यांकडे.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि यशवंतसागराच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातली नदीकाठची गावं गेली. पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, आपण फोटो काढायला जातो. पण मंदिर दिसतं तशी स्वयंपाकघरं दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल बोलतो. या भागातलं जुनं घर माळवदाचं, भिंत दोन-दोन हात रुंद. त्या भिंतीत कोनाडे, दिवळ्या, फडताळं. मिठाचं मडकं, तेलाची बुधली, काडेपेटी, सगळं भिंतीच्या पोटात. भिंतीच्या जाडीतून काढलेली ही जागा खोलीतली बोटभरही जागा खात नाही. बोटीतला सुतार याहून वेगळं काही करत नाही, तोही बोटीच्या पोटातले कोपरे खणून फडताळं काढतो. गाव उठलं तेव्हा लोकांनी तुळया काढल्या, चौकटी काढल्या, दारं गाडीत घातली. कोनाडा काढून नेता येत नाही. नव्या गावठाणात विटांची नऊ इंची भिंत, तिच्यात कोनाडा बसत नाही. जमिनीचा, घराचा मोबदला मोजला जातो. कोनाड्यांचा कोणी मोजला? नव्या घरी पहिल्या दिवशी त्या बाईने मिठाचं मडकं कुठे ठेवलं असेल, एवढाच आमचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट दरवर्षी तुमच्या डोळ्यांसमोर होते. नीरा डाव्या कालव्याने १८८० च्या दशकापासून हा मुलूख बागायती केला. मग ऊस आला, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने आले. दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. आणि राहायला कोपी. वाकवलेल्या बांबूंवर चटया, पाचट, ताडपत्री. आत ताठ उभं राहता येत नाही. संसार बैलगाडीत मावेल एवढाच आणायचा. आम्ही म्हणतो, बारामतीत बोट बघायची असेल तर कोपी बघा. आतलं माप तेच, शिस्त तीच.

मागच्या हंगामात आम्ही एका तळावर दुपारचे गेलो होतो. एका कोपीत लोखंडी पेटी, तिच्यावर घड्या घातलेल्या वाकळा, वाकळांवर पिठाचा डबा. दाराशी तीन दगडांची चूल आणि शेजारी दोन दगडांवर टाकलेली, ट्रॉलीच्या फाळक्यातून निघालेली एक फळी. तिच्यावर परात पालथी. आम्ही शहाण्यासारखं विचारलं, "मावशी, खाली वाकायला लागू नये म्हणून का ही फळी?" त्या हसल्या. म्हणाल्या, "वाकायचं काय, दिसभर वाकूनच असतो की दादा. खाली ठिवलं की कुत्रं तोंड घालतंय, अन् वाऱ्यानं माती उडती पिठात." मग परात उचलून दाखवली. खाली दुसऱ्या दिवशीच्या भाकरी होत्या. पहाटे तीनला फडात जायचं, तेव्हा चूल पेटवायला वेळ कुठला?

ओट्याबद्दल आम्ही जे वाचलं होतं त्यात उंची, पाठदुखी, पावलांची संख्या सगळं होतं. कुत्रं नव्हतं. त्या फळीची लांबी आम्ही मोजली : दोन वीत आणि चार बोटं. एवढ्या जागेवर पाच माणसांचा स्वयंपाक सहा महिने होतो. आणि हंगाम संपला की फळी गाडीच्या तळाशी जाते, तिच्यावर बाकीचं सामान रचलं जातं.

हे आम्ही सांगतो आहोत त्यामागे थोडा स्वार्थ आहे. गेली दोन वर्षं आम्ही अशा वस्तूंची मापं घेतो आहोत. फळी, काठवट, पोळपाट, पेटी, शिंकं. कोपीतल्या वस्तू हंगामागणिक बदलतात, आणि बुडालेल्या गावांतली स्वयंपाकघरं आठवणारी माणसं आता सत्तरी-पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या घरी उजनीत गेलेल्या गावातून आणलेली फडताळाची दारं असतील, अगदी मोडकी का असेनात, तर सांगा. ज्या आजींना आपल्या जुन्या चुलीभोवतीचे कोनाडे बोटांवर मोजता येतात त्यांच्याकडे आधी जायचं आहे. कुठला कोनाडा कशाचा होता, हात किती लांब करावा लागे, हे त्यांच्याकडूनच कळेल. आम्ही टेप आणि वही घेऊन येतो, चहासुद्धा नको. बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे, तिच्यात गावाचं जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही लिहा.