चर्च सोडणाऱ्या तरुणांना टोमणे मारण्याआधी

कर्जत-खालापूरच्या आपल्या तरुणांनी हा टोमणा ऐकला असेल: ‘पोटासाठी ख्रिस्ती झाले, आता सवलतीसाठी चर्च सोडतात.’ ही जातीवाद्यांची भाषा आहे. ती आपल्या तोंडी शोभत नाही. आधी इतिहास पाहा.

आपल्या कर्जतच्याच नावाचा एक तालुका नगर जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनने काम केले. तिथले अनेक महार-मांग ख्रिस्ती झाले. गावाने नाकारलेली शाळा मिशनने दिली. हे ऋण नाकारायचे कारण नाही. जोतीराव फुलेही पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले.

पण बाप्तिस्म्याने जात धुतली गेली नाही आणि मिशनची सूत्रे गोऱ्या साहेबांकडेच राहिली. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ साली मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले. त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्त सोडला नाही, मिशनची चौकट सोडली.

जानेवारी १९३८ मध्ये बाबासाहेब सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दलची ओढ त्यांनी मोकळेपणाने सांगितली. पण सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज लढत नाही, हेही तोंडावर सुनावले. बोलण्याचा अधिकार त्यांना होता. १९२७ साली आपल्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला, त्यांनी हजारोंना चवदार तळ्यावर नेले होते. मिशनने दया दिली, महाडने हक्क मागायला शिकवले. स्वाभिमानी तरुण कुठे जाईल?

आता सवलतीचे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ साली मिळाला, बौद्धांना १९९० साली. म्हणजे धम्म स्वीकारल्यावर ३४ वर्षे केंद्राच्या सवलतींना आपणही मुकलो. तेव्हा आपल्याला कोणी लोभी म्हटले असते तर? दलित ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. गाव त्यांची जात विसरत नाही, कायदा मात्र विसरतो. दोष कायद्याचा आहे, त्या पोरांचा नाही.

म्हणून चर्च सोडून आलेल्याला पाहून टाळ्या पिटू नका. त्याच्या दर्जाच्या मागणीत सोबत उभे राहा. आणि स्वतःला विचारा: आपल्या विहारात वंदनेनंतर अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची चर्चा होते का? नसेल, तर उद्या आपलीही पोरे निघून जातील.

जय भीम!