तिकिटाचा सख्खा भाऊ

मुलुंडच्या खिडकीवर ‘एक सीएसएमटी रिटर्न’ म्हणताना आपण जे मागतो, त्याचं माहेर फ्रान्स. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्तिके’ म्हणजे चिकटवणं, डकवणं. डकवलेली चिठ्ठी ती ‘एस्तिकेत’. सोळाव्या शतकात इंग्रजांनी हा शब्द उचलला, त्याचं डोकं छाटलं आणि ‘तिकीट’ केलं. सुरुवातीला त्याचा अर्थ नुसती चिठ्ठी. पैसे मोजून मिळालेला प्रवेशाचा हक्क हा अर्थ नंतरचा.

फ्रान्समध्ये मात्र हाच शब्द दरबारात शिरला. कुणी कुठे बसायचं, कुणी आधी वाकायचं, या शिष्टाचारालाच ‘एतिकेत’ म्हणू लागले. अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्रजीने तो पुन्हा आणला, आता अख्खाच्या अख्खा : ‘एटिकेट’. एकाच घरातून दोनदा केलेली उसनवारी!

मूळ अर्थ नकळत जपला तो आपण. पोस्टाच्या स्टॅम्पला मराठीत सर्रास तिकीट म्हणतात, आणि ते खरोखरच चिकटवायचं असतं. आशियातलं पहिलं असं तिकीट, ‘सिंध डाक’, १ जुलै १८५२ रोजी निघालं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पुढच्याच वर्षी, १६ एप्रिलला, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली आणि न चिकटवायचं तिकीटही मुंबईकरांच्या ओळखीचं झालं.

स्टेशनातली इतर मंडळीही याच गोतावळ्यातली. ‘पास’ आला ‘पासे’वरून, म्हणजे पार होणं. ‘कूपन’ आलं ‘कुपे’वरून, म्हणजे कापणं. सीव्हीएमच्या, म्हणजे कूपन व्हॅलिडेटिंग मशीनच्या, काळात पुस्तिकेतून कूपनं फाडून, यंत्रात सरकवून ठप्पा उमटवताना आपण शब्दार्थच पाळत होतो.

राहिलं एटिकेट. लोकलमध्ये ते कुठेच लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू द्यायचं. बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ विचारायचं, तो ‘अंधेरी’ म्हणाला की ती जागा विचारणाऱ्याच्या नावावर, मग खिडकीशी कुणीही उभा असो.

तिकीट टीसी तपासतो, एटिकेट सहप्रवासी. पहिलं नसेल तर दंड भरून सुटता येतं. दुसरं मोडून बोरिवलीकर लांबच्यांसाठीच्या विरार फास्टमध्ये चढला, तर त्याला बोरिवलीला उतरू देतीलच असं नाही.