ऑस्टियाचे उत्खनन

संत मोनिका यांचे निधन इ. स. ३८७ मध्ये ऑस्टिया येथे झाले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. टायबर नदीच्या मुखाशी वसलेले हे प्राचीन रोमचे बंदर. पुढे गाळ साचून समुद्र दूर गेला, वस्ती उठली आणि ओसाड घरांतील संगमरवर शतकानुशतके लोक उपसून नेत राहिले.

उत्खननास पोपमहोदयांचाच आश्रय लाभला. पायस सातवे यांच्या काळात १८०१ च्या सुमारास आणि पायस नववे यांच्या काळात १८५५ पासून येथे खोदकाम झाले. मात्र त्या वेळी लक्ष होते ते मुख्यतः मूर्ती व शिलालेखांकडे. रस्त्यामागून रस्ता असे शिस्तीचे काम १९०७ पासून दान्ते वाल्येरी यांनी केले.

मग आली घाई. १९४२ साली रोममध्ये जागतिक प्रदर्शन भरवावयाचे मुसोलिनी सरकारने ठरविले होते. त्यासाठी १९३८ ते १९४२ या काळात गुइदो काल्त्सा यांच्या देखरेखीखाली उत्खनित क्षेत्र जवळजवळ दुप्पट झाले. युद्धामुळे प्रदर्शन भरलेच नाही! दुसऱ्या शतकातील बहुमजली विटांची घरे उजेडात आली, हे मोठेच यश. परंतु तिथवर पोहोचण्याच्या ओढीने वरचे, उत्तरकालीन थर पुरेशी नोंद न ठेवता काढून टाकले गेले. संत मोनिका व संत ऑगस्टीन यांनी पाहिलेले ऑस्टिया याच थरांत होते. आमच्या मते ही हानी मूर्ती हलविल्या जाण्यापेक्षा गंभीर आहे. मूर्ती संग्रहालयात पाहता तरी येतात.

नंतरचे काही महत्त्वाचे शोध या मोहिमेबाहेरचे आहेत. १९४५ साली संत ऑरेया यांच्या चर्चजवळ खेळासाठी खांब रोवताना मुलांना संगमरवराचा एक तुकडा सापडला. जुन्या हस्तलिखितांतून ज्ञात असलेल्या, संत मोनिका यांच्या समाधिलेखाचा तो भाग होता. १९६१ साली विमानतळाचा रस्ता बांधताना यहुदी सभास्थान मिळाले. सम्राट कॉन्स्टंटाईनने ऑस्टियात बॅसिलिका बांधल्याची नोंद पोपांच्या प्राचीन चरित्रग्रंथात होती. तिची जागा १९९६ मध्ये जर्मन संशोधकांना गवसली, तीही कुदळ न मारता, उपकरणांनी जमिनीखालील भिंतींचा वेध घेऊन. ती होती न खोदलेल्या भागात.

समाधिलेखाचा तो तुकडा संत ऑरेया यांच्या चर्चमध्येच आहे. संत मोनिका यांचे अवशेष मात्र १४३० साली रोमला नेण्यात आले. ते तेथील संत ऑगस्टीन बॅसिलिकेत आहेत.